तिथीचं जेवण आणि गळकी कौलं

'ससून' म्हटलं की पुणेकराला हॉस्पिटल आठवतं. मुंबईकराला डॉक आठवतो आणि त्यासोबत मासळीचा वास. काळा घोड्याच्या लायब्ररीचं नाव घेणारेही थोडे निघतील. पण त्याच ससूनच्या नावाने पुण्यात नव्या पेठेत म्हाताऱ्या, निराधार माणसांसाठी एक घर आहे, आणि ते दीडशेहून जास्त वर्षं चालू आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं? मूळ नाव 'डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह'. आज सगळे त्याला 'निवारा' म्हणतात. गंमत म्हणजे निवारा सभागृहात कार्यक्रमाला गेलेले लोक पुष्कळ सापडतात. पण हे सभागृह कुणाच्या अंगणात आहे याचा विचार फारसा कुणी करत नाही.

आता रत्नागिरीच्या माणसाला पुण्यातल्या या घराशी काय करायचंय? सांगतो. पण आधी थोडा इतिहास. कंटाळवाणा नाहीये, वाचा.

डेव्हिड ससून १७९२ साली बगदादमध्ये जन्मला. घराणं तिथलं मातब्बर ज्यू. पण तिथल्या पाशाशी बिनसलं, जीव वाचवून पळावं लागलं, आणि इराणातल्या बुशहरमार्गे १८३२च्या सुमारास गडी मुंबईत पोचला. पुढे कापूस, कापड आणि अफू यांच्या व्यापारात त्याने अफाट पैसा कमावला. हो, अफूसुद्धा. चीनला जाणारी अफू. ज्या पैशाने इथे दवाखाने उभे राहिले त्याच पैशाने तिथे घरं बसवली, हे दडवण्यात अर्थ नाही. १८६४ साली तो पुण्यात वारला. त्याच्या आयुष्याच्या शेवटच्या काळात आणि मृत्यूनंतर लगेचच पुण्यात त्याच्या नावाच्या गोष्टी उभ्या राहिल्या: ससून हॉस्पिटल, लाल देऊळ म्हणून आपण ओळखतो ते सिनेगॉग, आणि हे अनाथ पंगू गृह.

या तीनपैकी तिसरी गोष्ट मला सगळ्यात वेगळी वाटते. हॉस्पिटल आणि देऊळ या कल्पना आपल्याला नव्या नव्हत्या. पण जो बरा होणार नाही, जो पुढे कुठे जाणार नाही, आणि ज्याला मरेपर्यंत ठेवून घ्यायचंय अशा गरीब म्हाताऱ्यासाठी कायमचं घर? हे आपल्याकडे जवळपास नव्हतंच.

तुम्ही म्हणाल, धर्मशाळा होत्या की! होत्या. अहिल्याबाई होळकरांनी देशभर बांधल्या. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला बांधल्या. पण धर्मशाळा मूळची वाटसरूसाठी. दोन-तीन रात्री रहा आणि पुढे जा. अन्नछत्र हे भुकेल्यासाठी, पण एका जेवणापुरतं. पेशव्यांची दक्षिणा होती, ती वेदविद्या शिकलेल्या ब्राह्मणांना. म्हणजे आपल्या जुन्या दानधर्मात यात्रेकरूला जागा होती, विद्वानाला होती, गाईला होती. मुंबईत भटक्या, म्हाताऱ्या जनावरांसाठी पांजरपोळ १८३४ साली उभा राहिला. सर जमशेटजी जीजीभाई आणि इतर व्यापाऱ्यांनी तो उभा केला आणि तो चालावा म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर स्वखुशीने लाग बसवली. म्हणजे एकदाच मोठी देणगी देऊन ते मोकळे झाले नाहीत. दरवर्षी पैसे येत राहतील अशी सोय करून ठेवली. त्याच जमशेटजींनी पुढे भायखळ्याजवळ बेलासिस रोडवर निराधार, आंधळ्या-पांगळ्या माणसांसाठी धर्मशाळा बांधली. पण क्रम बघा. आधी म्हातारी गाय, मग म्हातारा माणूस.

याचं कारण आपण दुष्ट होतो असं नाही. म्हातारं माणूस घरातच असणार हे गृहीत धरलेलं होतं. एकत्र कुटुंब हाच वृद्धाश्रम. ज्यांचं कुटुंबच नव्हतं त्यांची गणती मात्र या हिशोबात कुठेच नव्हती. मूल नसलेली विधवा, अंगमेहनतीवर जगून हात थकलेला गडी, गाव सोडून आलेला हमाल. अनाथ पंगू गृह हे अशांसाठी.

आता मला पडलेला मुख्य प्रश्न. हे घर टिकलं कसं?

ससून घराणं हळूहळू इंग्लंडला गेलं आणि तिथलंच झालं. त्यांची पेढीही काळाच्या ओघात संपली. इंग्रज गेले. बाजूची पेठ पार बदलली, नदीकाठचा रस्ता झाला, मेट्रो आली. आणि घर चालूच. म्हणजे मूळ दाता, त्याचा वंश, त्याचा धंदा, त्याचं सरकार, यातलं काही राहिलं नाही तरी संस्था राहिली. आमच्या भाषेत सांगायचं तर ज्याने सिस्टिम लिहिली तो कंपनी सोडून गेला, कंपनी बुडाली, तरी सर्व्हर चालू आहे. आयटीतल्या माणसाला यापेक्षा मोठा चमत्कार कुठला!

याचं उत्तर शोधताना या प्रकारातलं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण बघायला हवं. जर्मनीत आउग्सबुर्ग नावाच्या शहरात 'फुगेराय' म्हणून एक वसाहत आहे. याकोब फुगर नावाच्या गडगंज सावकाराने १५२१ साली तिचं दानपत्र केलं. आपल्याकडे तेव्हा बाबर अजून पानिपतला पोचायचा होता. तिथे आजही सुमारे दीडशे गरजू लोक राहतात. वर्षाचं भाडं एक ऱ्हाइनिश गुल्डन, म्हणजे आजचे ०.८८ युरो. आपले शंभर रुपयेही होत नाहीत. महिन्याचं नाही हो, वर्षाचं! शिवाय दात्यासाठी रोज तीन प्रार्थना म्हणायच्या. अट एकच, माणूस त्या शहरातला, गरजू आणि कॅथलिक हवा. शेवटची अट आज आपल्याला खटकेल, खटकायलाच हवी. पण बाकीची रचना बघा.

एक म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचं दार आहे. रस्त्यावर उघडणारं, स्वतःच्या किल्लीचं. दारावरच्या घंटेची मूठसुद्धा प्रत्येकाची वेगळी, म्हणजे दिवे नसलेल्या काळात अंधारात चाचपून आपलं घर कळावं. ओळीने मांडलेल्या खाटांचा हॉल नाही. गरीब असलात तरी तुम्ही तुमच्या घरात राहता.

दुसरं म्हणजे पैशाची सोय. १९२३ साली जर्मनीत अशी महागाई झाली की पावाला अब्जावधी मार्क पडू लागले. ज्या संस्थांचा पैसा नोटांत आणि रोख्यांत होता त्या झोपल्या. फुगरांच्या न्यासाकडे जमीन आणि जंगल होतं. झाडं महागाईत वितळत नाहीत. फेब्रुवारी १९४४च्या बाँबहल्ल्यात वसाहतीचा दोन तृतीयांश भाग पडला. काही दिवसांतच, युद्ध चालू असताना, घराण्याने ठरवलं की पुन्हा बांधायची. आणि बांधली. कारण बांधायला मागे काहीतरी होतं.

मी तर म्हणतो, सगळं मर्म इथे आहे. निवारा देणारी संस्था दात्याच्या कळवळ्यावर टिकत नाही. ती दुरुस्तीच्या पैशावर टिकते.

आता आपण काय करतो ते बघू. आपली पिढी दान करत नाही असं अजिबात नाही. उलट आपण पुष्कळ करतो. वाढदिवसाला वृद्धाश्रमात जेवण देतो. दिवाळीला फराळ, थंडीत ब्लँकेटं. ऑफिसची टीम शनिवारी जाते, आजी-आजोबांबरोबर अंताक्षरी खेळते, ग्रुप फोटो काढते. यात वाईट काही नाही. आजीलाही बरं वाटतं, आपल्यालाही. पण एखाद्या संस्थेच्या व्यवस्थापकाशी पाच मिनिटं बोलून बघा. एकाच आठवड्यात तीन वेळा श्रीखंड-पुरी येते आणि मधुमेह असलेल्यांना ती लपवून ठेवावी लागते. ब्लँकेटांनी कपाट भरलेलं असतं. नसते ते रात्रपाळीच्या आयाच्या पगाराचे पैसे. डायपर, लाईट बिल, सेप्टिक टँक, पंपाची मोटर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, यांच्यासाठी कुणी वाढदिवस साजरा करत नाही. 'अमुक यांच्या स्मरणार्थ सेप्टिक टँक उपसला' अशी पाटी तुम्ही कुठे पाहिलीय?

सॉफ्टवेअरमध्ये हे आपण रोज बघतो. नवीन फीचर करायला सगळे पुढे, मेंटेनन्सला कुणी नाही. लाँचला केक कापतात. रात्री दोन वाजता डिस्क भरली म्हणून उठून ती साफ करणाऱ्याला केक मिळत नाही. पण सिस्टिम चालते ती त्याच्यामुळे.

खरं तर आपल्याकडेही यावर एक देशी तोड होती. 'कायम तिथी'. बऱ्याच संस्थांत आणि देवस्थानांत ही पद्धत आहे. एकरकमी ठेव द्यायची, तिच्या व्याजातून दरवर्षी ठरलेल्या तिथीला तुमच्या आईवडिलांच्या नावाने जेवण. कल्पना उत्तम, फुगरचीच म्हणा ना. पण गणित चुकतं. समजा १९८५ साली कुणी ५०१ रुपये कायम तिथीला दिले. सहा टक्क्यांनी वर्षाचे तीस रुपये. तेव्हा त्यात पंगतीतल्या काही जणांची पोटं भरली असतील. आज तीस रुपयांत दोन कटिंग चहा. संस्था मात्र शब्दाला बांधलेली, कायम म्हणजे कायम.

हेच गणित मोठ्या आकड्यांत करू. एका माणसाचा राहण्या-जेवणाचा, औषधांचा खर्च महिना दहा हजार धरा, म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार. सात टक्के व्याज धरलं तर सतरा लाखांची ठेव पुरेल असं वाटतं. पण महागाई पाच टक्के असेल तर सातातले पाच मुद्दलात परत टाकायला लागतात, नाहीतर ठेव दरवर्षी झिजते. खर्चाला उरले दोन टक्के. म्हणजे एका माणसाला कायमचं सांभाळायला साठ लाख. सतरा आणि साठ यांच्यातला जो फरक आहे ना, त्यात कित्येक चांगल्या संस्था बुडतात. कुणी पैसे खात नाही, कुणी चोर नसतो. नुसतं हळूहळू आटत जातं.

बरं, कंपन्या ही पोकळी भरतील का? २०१३च्या कंपनी कायद्यात सीएसआरच्या यादीत वृद्धाश्रमांचं नाव आहे. पण २०२१च्या जानेवारीत नियम बदलले. तेव्हापासून संस्थेच्या कॉर्पसमध्ये दिलेली रक्कम सीएसआर खर्च म्हणून धरत नाहीत. त्यामागे कारण आहे, पैसे नुसते पडून राहू नयेत हे. पण परिणाम असा की कंपनी इमारत देईल, व्हॅन देईल, सोलर पॅनेल देईल, गंगाजळी देणार नाही. ती द्यायची तर तुम्ही-आम्हीच.

आणि सरकार? १९९५ साली राज्यात मातोश्री वृद्धाश्रम योजना आली. इमारती उभ्या राहिल्या, पण पुढे ते आश्रम विनाअनुदान तत्त्वावर संस्थांच्या गळ्यात. पुन्हा तेच, लाँचला पैसे आणि मेंटेनन्सला रामराम. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान दीडशे निराधारांचा वृद्धाश्रम असं लिहिलंय. पण शब्दरचना 'स्थापन करील' अशी नाही, 'स्थापन करू शकेल' अशी आहे. कायद्यातल्या एका क्रियापदावर किती म्हाताऱ्यांचं छप्पर अवलंबून असतं बघा. श्रावणबाळ योजनेचे २०२३पासून महिन्याला दीड हजार मिळतात, तेही वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर. त्यातला केंद्राचा वाटा ८० वर्षांखालच्यांना दोनशे रुपये, आणि तो २००७पासून तेवढाच.

आता रत्नागिरी. इतका वेळ थांबलात त्याबद्दल आभार.

२००१च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार होती. २०११ला १६ लाख १५ हजार. सगळा देश वाढत असताना आम्ही घटलो. दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका. हे काही मुलींच्या जन्माचं कौतुक नव्हे, कर्ते पुरुष मुंबई-पुण्यात आहेत याचा तो आकडा. कोकण पिढ्यान्‌पिढ्या मनीऑर्डरवर जगलं. गिरण्या होत्या तोवर मुंबईचा चाकरमानी म्हातारपणी गावी परतायचा. आता मुलगा येतो तो गणपतीला, शिमग्याला. उरलेलं वर्ष वाडीत चार म्हातारी माणसं आणि कुलूप लावलेली घरं.

आमच्या वाडीत एक काकी आहेत. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, मूलबाळ नाही. श्रावणबाळचे पैसे खात्यात येतात, रेशनचा तांदूळ मिळतो. पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे एसटी फुकट आहे. म्हणजे कागदावर काकींचं बरं चाललंय. त्यांची खरी अडचण वेगळीच. माकडं कौलं फोडतात. मे महिन्यात पावसाआधी कौलं परतायला माणूस लागतो, तो मिळत नाही, आणि मिळाला तर त्याची दोन दिवसांची मजुरी म्हणजे काकींची महिन्याची पेन्शन. मग जुलैत घरात पाच ठिकाणी टोपं ठेवलेली. उपाशी कुणी नाही, वाडी तेवढं बघते. पण पावसात ओली भिंत, ओलं अंथरूण, आणि रात्री पडल्या तर हाक ऐकायला शेजारच्या घराला कुलूप.

अशा बाईला जिल्ह्याच्या ठिकाणी दीडशे खाटांच्या इमारतीत नेऊन ठेवायचं? मंडणगडची असो की राजापूरची, तिच्यासाठी रत्नागिरी म्हणजे परमुलूखच. ती जाणारच नाही. तिला स्वतःचं दार हवंय, आणि ते आपल्या वाडीत हवंय. फुगेरायचा धडा तोच. आणि कोकणाइतकी त्याला सोपी जागा नाही, कारण रिकामी घरं आमच्याकडे आहेत आणि पैसे गोळा करण्याची यंत्रणासुद्धा आहे.

कुठली यंत्रणा? मुंबई मंडळ! कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक गावाचं मुंबईत एक मंडळ असतं. वर्गणी, पावतीपुस्तकं, खजिनदार, भांडणं, सगळं रीतसर. ग्रामदेवतेच्या जीर्णोद्धाराला ही मंडळं लाखांनी पैसे उभे करतात आणि हिशोब पैशापैशाचा देतात. माझं म्हणणं एवढंच की जीर्णोद्धाराच्या वर्गणीत दहावा हिस्सा वेगळा काढा. देवळाच्या जवळपास दोन-तीन खोल्या, वेगळ्या दारांच्या, एक सामाईक न्हाणीघर, आणि उरलेले पैसे ठेवीत, फक्त दुरुस्ती आणि देखभालीच्या बाईच्या पगारासाठी. ठेव मोडायची नाही आणि सगळं व्याजही खायचं नाही. जमीन असेल तर काजूची बाग लावा, ती महागाईबरोबर वाढते. आमचं जंगल तेच. फक्त फुगरसारखी धर्माची अट नको, वाडीची-जातीची तर नकोच नको. गावातलं निराधार म्हातारं माणूस, बस्स.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, "मुलांनी आईबापाला सांभाळायला नको का? संस्कार?" नको कोण म्हणतं! पण काकींना मुलंच नाहीत. आणि ज्यांना आहेत त्यातल्या कित्येकांचा मुलगा नालासोपाऱ्यात एका खोलीत पाच जणांचा संसार करतोय. संस्काराने खोलीचं क्षेत्रफळ वाढत नाही. दुसरा आक्षेप, "ट्रस्ट म्हटला की कारभारी खातात." हा मात्र खरा आहे आणि जुनाही. इंग्लंडमध्ये विंचेस्टरला सेंट क्रॉस म्हणून बाराव्या शतकातला असाच आश्रम आहे. एकोणिसाव्या शतकात त्याच्या जमिनींचं उत्पन्न फुगलं, ते सगळं आश्रमाचा प्रमुख असलेल्या उमरावाच्या खिशात जात होतं, आणि म्हातारे होते तिथेच. प्रकरण कोर्टात गेलं, गाजलं. पण म्हणून आश्रम बंद नाही केला, तो आजही आहे. हिशोब तपासले. आपल्याकडेही सार्वजनिक न्यासांचा कायदा १९५०पासून आहे, धर्मादाय आयुक्त आहेत. त्यांच्याकडे भरलेले हिशोब वाचायला कुणी जात नाही हा दोष कायद्याचा नाही, आपला आहे. एक्सेल उघडायला आपल्याइतकं पटाईत कोण आहे?

तेव्हा पुढच्या वाढदिवसाला जेवण द्यायचं असेल तर जरूर द्या. पण व्यवस्थापकाला एक प्रश्न विचारा, "काका, या वर्षी दुरुस्तीला किती कमी पडतायत?" मग जमेल ती रक्कम त्यासाठी द्या, आणि पावतीवर 'कॉर्पस' किंवा 'दुरुस्ती' असं स्पष्ट लिहून घ्या. नव्या कररचनेत असाल तर वजावट मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पाटीवर नावही येणार नाही. फोटोत दाखवण्यासारखंही काही नसेल, कारण न गळणाऱ्या छपराचा फोटो काढायचा तरी कसा?

आणि कोकणातले असाल तर मुंबई मंडळाची सभा साधारण कधी असते ते तुम्हाला माहीतच आहे. या वेळी कळसाच्या सोनेरी रंगाचा विषय संपला की हात वर करा. लोक हसतील, विषय पुढच्या सभेवर जाईल. पुढच्या सभेला पुन्हा करा.